आजारपणामुळे सहल रद्द झाली, तर कागद कुणी गोळा करायचे? – विमा नियामकांना खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, हैदराबाद

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी:
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली
पर्यटन मंत्रालय, भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

आपण २९ मे २०२४ रोजी आरोग्य विम्यासाठी मास्टर सर्क्युलर, म्हणजे सगळे नियम एकत्र करणारं परिपत्रक, काढलंत. कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय, डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत अंतिम मंजुरी, क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या (दावे तपासणाऱ्या विमा कंपनीतल्या समितीच्या) मान्यतेशिवाय कुठलाही दावा नाकारायचा नाही, आणि कागदपत्रं रुग्णाकडून न मागता विमा कंपनीने किंवा टीपीएने (तिच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेने) ती थेट दवाखान्याकडून घ्यायची, हे नियम त्यात आले. या नियमांचा लाभ आमच्या घराला मिळाला. गेल्या गणपतीत माझ्या यजमानांना डेंग्यू झाला, प्लेटलेट झपाट्याने उतरले, साताऱ्यातच भरती करावं लागलं. डिस्चार्जच्या दिवशी संध्याकाळच्या आत बिल मंजूर झालं. मला एकही कागद घेऊन कुठे जावं लागलं नाही. त्याबद्दल आपले आभार मी आधी मानते, कारण पुढचं सगळं पत्र तक्रारीचं आहे.

त्याच डेंग्यूमुळे आमची युरोपची सहल रद्द झाली. त्या सहलीसाठी वेगळा प्रवास विमा घेतलेला होता, आणि त्यात सहल रद्द होण्याची भरपाई हे कलम प्रीमियम भरून घेतलेलं होतं. आजार तोच होता, डॉक्टर तेच होते, डिस्चार्ज कार्डही तेच होतं. एका विमा कंपनीला ते कार्ड काही तासांत पटलं. दुसरीने तेच कार्ड पुढे करून दावा नाकारला.

मी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झाले आहे. व्हाउचर, पावती, नाहरकत दाखला, जावक क्रमांक यांत माझी सगळी नोकरी गेली. कागद मागण्याला माझी हरकत कधीच नसते. पैसे द्यायचे तर पुरावा पाहिजे, हे मी दुसऱ्यांना वर्षानुवर्षं सांगत आले. म्हणूनच जो कागद देणं मागितलेल्या माणसाच्या हातातच नाही, तो त्याच्याकडे मागत राहणं किती चुकीचं आहे, हेही मला ठाऊक आहे.

आधी काय घडलं ते सांगते. गौरी-गणपती उरकून, विसर्जनानंतरच्या आठवड्यात निघायचं होतं. सहल एका टूर कंपनीची, ग्रुपची. यजमानांच्या निवृत्तीच्या पैशांतला मोठा हिस्सा त्यात गेला होता. विमाही त्याच कंपनीने काढून दिला. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, किमान तीस हजार युरोंचं वैद्यकीय कवच सक्तीचं असतं, त्यामुळे पासपोर्टच्या झेरॉक्स आणि फोटोंबरोबर विम्याचाही फॉर्म ऑफिसातच भरला गेला. निघण्याच्या काही दिवस आधी यजमान दवाखान्यातून घरी आले. ताप गेला होता, पण प्लेटलेट अजून पुरते सावरले नव्हते, उठून बसलं की चक्कर यायची. एम.डी. डॉक्टरांनी लेखी दिलं की लांबचा विमानप्रवास करण्याच्या अवस्थेत रुग्ण नाही. मी त्याच दिवशी टूर कंपनीला आणि विमा कंपनीला कळवलं.

आता मुद्द्यांवर येते.

पहिला मुद्दा नाकारण्याच्या पहिल्या कारणाचा. विमा कंपनीने लिहिलं की निघण्याच्या तारखेला रुग्ण दवाखान्यात दाखल नव्हता, म्हणून कलम लागू होत नाही. म्हणजे आमच्या डॉक्टरांनी डिस्चार्ज आणखी चार दिवस लांबवला असता, खाट अडवून ठेवली असती आणि तुमच्याच दुसऱ्या विमा कंपनीचं बिल वाढवलं असतं, तर आम्ही पात्र ठरलो असतो. डेंग्यूच्या दिवसांत आमच्याकडे खाटेसाठी लोक व्हरांड्यात थांबलेले असतात. जो नियम बऱ्या होत आलेल्या माणसाला खाट न सोडण्याचं बक्षीस देतो, तो रुग्णाच्या, दवाखान्याच्या आणि विमा कंपनीच्याही हिताचा नाही. माणूस प्रवास करू शकतो का, एवढाच इथे प्रश्न आहे. त्याचं उत्तर नोंदणीकृत डॉक्टरच देऊ शकतो, आणि ते त्यांनी सही-शिक्क्यानिशी दिलं होतं.

दुसरं कारण रक्तदाबाचं. डिस्चार्ज कार्डावर सुरुवातीलाच एक ओळ आहे, यजमानांना काही वर्षांपासून रक्तदाबाचा त्रास असून गोळी चालू असल्याची. कंपनीने ती ओळ उचलली आणि पूर्वीचा आजार लपवला असा शेरा मारला. डेंग्यू एडिस डासाच्या चावण्याने होतो. सहल डेंग्यूमुळे रद्द झाली. रक्तदाब त्या काळात पूर्ण आटोक्यात होता, हे त्याच कार्डावर रोजच्या नोंदींत आहे. आणि लपवण्याचा प्रश्न येतो कुठे? मी प्रस्ताव अर्जाची प्रत मागवली. ती मिळायलाच फार पाठपुरावा करावा लागला. त्यात पूर्वीच्या आजारांचा रकाना कोरा आहे. आम्हाला तो प्रश्न टूर कंपनीच्या टेबलावर कुणी विचारलाच नव्हता, आणि पाठवलेल्या अर्जात तो रकाना कोरा असतानाही विमा कंपनीने प्रीमियम घेतला व पॉलिसी दिली.

यावर सर्वोच्च न्यायालयाचा ६ डिसेंबर २०२१ चा निकाल आहे, आणि तो परदेश प्रवासाच्या विम्याबद्दलच आहे. २००९ साली सॅन फ्रान्सिस्कोला गेलेल्या एका प्रवाशाला तिथे पोहोचताच हृदयविकाराचा झटका आला, तीन स्टेंट टाकावे लागले. मधुमेह त्याने सांगितलेला होता. तरी कोलेस्टेरॉलची गोळी सांगितली नाही म्हणून दावा नाकारला गेला, आणि राष्ट्रीय ग्राहक आयोगातही तो हरला. सर्वोच्च न्यायालयाने विमा कंपनीला भरपाई द्यायला लावली. त्या निकालात न्यायालयाने स्पष्ट म्हटलं आहे की अर्जातला रकाना कोरा असेल तर कंपनीने तो भरून मागावा. तसं न करता प्रीमियम स्वीकारून पॉलिसी दिली, तर नंतर माहिती दडवली असं म्हणता येणार नाही. हा देशाचा कायदा आहे. तरीही दावे हाताळणाऱ्या विभागांत ती जुनीच कारणं छापील पत्रांवर निघत आहेत. नियामक म्हणून याची तपासणी आपण करायला हवी. प्रत्येक विमाधारकाने तोच निकाल पुन्हा नव्याने मिळवत बसायचं, अशी अपेक्षा कुणीही करू नये.

इथे आणखी एक गोष्ट आपल्या लक्षात आणून द्यायची आहे. आरोग्य विम्यात पूर्वीच्या आजारासाठीचा प्रतीक्षा काळ, म्हणजे ज्यात त्या आजाराचा दावा मिळत नाही तो काळ, आपण ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आणला, आणि सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय दावा नाकारता येत नाही, असंही केलंत. चांगलं झालं. पण सहलीची पॉलिसी दोन-तीन आठवड्यांची. तिचे ३६ महिने कधीच भरणार नाहीत. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड यांच्यासह जगणाऱ्या साठीपुढच्या माणसाला या सुधारणेचा प्रवासात काडीचाही आधार मिळत नाही. निवृत्तीनंतर ग्रुप टूरने जाणाऱ्यांत अशाच माणसांचा भरणा असतो.

तिसरा मुद्दा माझ्या स्वतःच्या तिकिटाचा. आम्ही दोघं एकाच बुकिंगवर होतो, एका खोलीत राहणार होतो. यजमानांची देखभाल करायला मी घरी थांबले. माझी पॉलिसी वेगळ्या क्रमांकाची असल्याने तुम्ही आजारी नव्हता असं उत्तर मिळालं. नवरा अंथरुणावर असताना बायको एकटी युरोप बघायला जाईल, असं धरून कुठलीही पॉलिसी लिहिली जाऊ नये.

चौथा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि या पत्राचं खरं कारणही तोच आहे.

दावा नाकारण्याआधी विमा कंपनीने कागद मागितले. विमान कंपनीचं पत्र की तिकिटाचे किती पैसे परत केले आणि किती नाही. हॉटेलांचं तसंच पत्र. टूर कंपनीचं तसंच पत्र, रकमेच्या फोडीसह. मागणी मुळात वाजवी आहे. जेवढे पैसे परत मिळाले तेवढे विम्याने पुन्हा द्यायचे नाहीत, हे मला मान्य आहे. पण ग्रुपच्या तिकिटावर विमान कंपनी प्रवाशाशी बोलत नाही; बुकिंग एजंटचं आहे, त्यांच्याकडूनच विचारा, असं सांगते. टूर कंपनी म्हणते, पॅकेजची किंमत एकत्रित असते, फोड आम्ही कुणालाच देत नाही. हॉटेलांची नावं तर ग्राहकाला निघण्याच्या सुमारास कळतात, आणि त्यांच्या लेखी आमचं नाव एका यादीतली एक ओळ. हे तिन्ही कागद ज्यांच्याकडे आहेत, त्यांना ते देण्याचं कुठलंही बंधन नाही. ज्यांना ते हवेत, ती विमा कंपनी त्यांना एक ईमेल पाठवत नाही. आणि दोघांच्या मधे, घरात ताप उतरलेलं माणूस सांभाळत, मी. ज्या टूर कंपनीने पॉलिसी विकली, तिच्याकडून एक पत्र मागवणं विमा कंपनीला अवघड कसं?

दवाखान्याच्या बिलासाठी हा प्रश्न आपण सोडवला आहे. विमा कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आरोग्य विमा व्यवसायाची जी व्याख्या आली, तिच्यात प्रवासाचं कवच स्पष्ट शब्दांत आहे. म्हणजे कायद्याच्या नजरेत आमच्या दोन्ही पॉलिसी एकाच वर्गातल्या. एकीत विमा कंपनीने कागद गोळा करायचे आणि दुसरीत आजारी माणसाच्या बायकोने, हा फरक कशाच्या आधारावर केला जातो?

पाचवा मुद्दा आपल्या अखत्यारीतला पूर्ण नाही, म्हणून प्रती इतर दोन कार्यालयांना जोडल्या आहेत.

टूर कंपनीने पूर्ण रक्कम जप्त केली, कारण त्यांच्या तक्त्यानुसार निघायची तारीख जवळ आली की कपात शंभर टक्के. व्हिसाचं शुल्क, जे प्रौढांसाठी नव्वद युरो आहे, ते परत मिळत नाही आणि मी ते मागतही नाही. तिथली जी हॉटेलं खरोखर पैसे परत करत नाहीत, त्यांचेही नाहीत. पण विमानाच्या तिकिटातले सरकारी कर आणि विमानतळाचे शुल्क प्रवास न झाल्यास परत द्यावे लागतात, तिकीट नॉन-रिफंडेबल असलं तरी. महासंचालनालयाचा हा नियम बऱ्याच वर्षांपासून आहे. एजंटकडून काढलेल्या तिकिटाच्या रिफंडची जबाबदारी विमान कंपनीचीच, हेही त्यात लिहिलेलं आहे. ग्रुप टूरमध्ये हे पैसे कुणाकडे थांबतात ते प्रवाशाला कळण्याचा मार्गच नाही, कारण तिकिटाची किंमत त्याला दाखवलेलीच नसते. नोव्हेंबर २०२५ च्या मसुद्यात महासंचालनालयाने वैद्यकीय कारणासाठी तिकीट रद्द केल्यास पैसे परत किंवा क्रेडिट शेल (पुढच्या तिकिटासाठी वापरता येणारी जमा रक्कम) देता येईल, असं कलम घातलं होतं. हेतू चांगला आहे. पण ‘देता येईल’ या शब्दांवर साताऱ्याच्या माणसाला मुंबईच्या काउंटरवर काही मिळत नाही. तिथे ‘द्यावे’ असंच हवं.

पर्यटन मंत्रालयाला एवढंच सांगते की आपल्याकडे टूर कंपन्यांसाठी वेगळा कायदा नाही, आणि मंत्रालयाची मान्यता ऐच्छिक आहे. आम्ही ज्या युरोपला निघालो होतो, तिथे २०१५ च्या पॅकेज प्रवास निर्देशानुसार ग्राहकाला सात दिवस आधी कळवून आपली जागा दुसऱ्याला देता येते, आणि रद्द करण्याची कपात कंपनीचा वाचलेला खर्च व जागा पुन्हा विकून मिळणारे पैसे लक्षात घेऊनच लावावी लागते. आपली रेल्वेसुद्धा चोवीस तास आधी अर्ज केला तर कन्फर्म तिकीट आईवडील, भावंडं, मुलं किंवा नवराबायकोच्या नावावर करून देते. मग लाखांच्या सहलीत, व्हिसा आधीच हातात असलेला माझा भाऊ आमच्याऐवजी का जाऊ शकला नाही? आमच्या जागा पुढे कुणाला विकल्या गेल्या का, हेही आम्हाला सांगितलं गेलं नाही.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये अन्यायकारक कराराची व्याख्या आहे, आणि नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड लावणारी अट त्यात बसते. पण अशा अटीविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, राज्य आयोगात न्यावी लागते. विमा कंपनीविरुद्ध विमा लोकपाल पुण्याला. विमान कंपनीविरुद्ध एअरसेवा हे सरकारी तक्रार पोर्टल. आजार एक, आणि दारं तीन. प्रत्येक दारावर दुसऱ्या दाराचा कागद मागतात.

आमच्या मागण्या अशा:

सहल रद्द होण्याच्या दाव्यात तिकीट, हॉटेल आणि पॅकेजचे कागद विमा कंपनीने थेट टूर कंपनी व विमान कंपनीकडून घ्यावेत, असा स्पष्ट आदेश प्राधिकरणाने काढावा. विमाधारकाने फक्त डॉक्टरांचं प्रमाणपत्र, पैसे भरल्याची पावती आणि संमतीची सही द्यावी. जी टूर कंपनी पॉलिसी विकते, तिने ठरावीक मुदतीत रकमेची फोड दिली नाही तर तिचा विमा विकण्याचा अधिकार काढून घ्यावा.

नोंदणीकृत डॉक्टरांनी प्रवासास असमर्थ असल्याचं लेखी दिलं, तर निघण्याच्या तारखेला दवाखान्यात असण्याची अट लावू नये. शंका असेल तर कंपनीने स्वतःच्या खर्चाने दुसरं मत घ्यावं.

पूर्वीच्या आजाराचं कारण फक्त त्याच आजारामुळे सहल रद्द झाली असेल तेव्हाच पुढे करता यावं. आणि आजारांची माहिती विमाधारकाच्या स्वतःच्या सहीने किंवा त्याच्याच मोबाइलवरच्या ओटीपीने घेतलेली असावी. टूर कंपनीच्या ऑफिसातल्या माणसाने भरलेली नको.

एकाच बुकिंगवरचे पतीपत्नी, आईवडील आणि मुलं यांपैकी एक आजारी पडल्यास बाकीच्यांचा दावाही ग्राह्य धरावा.

प्रवास विम्याचा दावा नाकारताना क्लेम रिव्ह्यू कमिटीची मान्यता घेतल्याचा उल्लेख, नेमकं कलम आणि लोकपालाचा पत्ता पत्रात मराठीत द्यावा. आमच्या पत्रात यातलं काही नव्हतं.

महासंचालनालयाने ग्रुप तिकिटावरही प्रत्येक प्रवाशाला मूळ भाडं आणि कर यांची फोड दाखवणं बंधनकारक करावं. पर्यटन मंत्रालयाने कपातीला खऱ्या खर्चाची मर्यादा घालावी आणि जागा हस्तांतरित करण्याचा हक्क द्यावा.

हे पत्र वाचणाऱ्या आणि आता अशाच घोळात असलेल्या लोकांना उपयोगी पडेल म्हणून थोडं लिहिते. डॉक्टरांकडून डिस्चार्ज कार्डाशिवाय वेगळं पत्र घ्या, त्यात कोणत्या तारखेपासून किती काळ विमानप्रवास करू नये हे लिहून घ्या. सहल रद्द करत असल्याचं फोनवर सांगून थांबू नका, ईमेल करा, त्यावरची तारीख पुढे लागते. प्रस्ताव अर्जाची प्रत मागा, तो तुमचा हक्क आहे. दावा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी द्या. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत जाता येतं. तिथे फी नाही, वकील लागत नाही. आपल्या भागासाठी कार्यालय पुण्यात आहे. प्राधिकरणाच्या विमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. टूर कंपनीबद्दल १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते. परदेशी पॅकेजवर कापलेला टीसीएस, म्हणजे टूर कंपनीने पॅकेजच्या वेळीच वसूल केलेला आयकर, मात्र विसरू नका. तो तुमच्या पॅनवर जमा झालेला असतो, आयकर खात्याच्या २६एएस या करजमा विवरणात दिसतो, आणि आयकर विवरणपत्रात त्याचा परतावा मागता येतो. आम्हाला हातात परत मिळणारी रक्कम आजवर तेवढीच.

महोदय, माझी तक्रार लोकपालांकडे दाखल आहे, तिचा निकाल लागेल तसा लागो. तिच्यात आपण लक्ष घालावं म्हणून हे पत्र नाही. मास्टर सर्क्युलरमधले नियम सहल रद्द होण्याच्या दाव्यांना लागू आहेत की नाहीत, आणि नसतील तर ते कधी लागू करणार, एवढ्याचं लेखी उत्तर प्राधिकरणाने द्यावं, आणि ते आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करावं, अशी माझी विनंती आहे. प्रस्ताव अर्ज, डिस्चार्ज कार्ड, डॉक्टरांचं पत्र आणि नकाराचं पत्र यांच्या प्रती क्रमवार लावून ठेवल्या आहेत. मागितल्यास त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवीन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त लेखा कर्मचारी
सातारा